बटणावरचा हात

सोलापूर जिल्ह्यात माज्याएवडी भाषणं ऐकलेला माणूस दुसरा घावायचा न्हाय. त्यातली निम्मी मी पेंगत ऐकली आन् उरलेली चोरली.

चोरली म्हणलं की तुमाला वाटंल, हेच सांगणार आता. न्हाय. ते चोरीचं आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक हाय, त्याच्यावर तर मी लोकांना हसवत असतो. मला सांगायचंय ते येगळं. ते बायकोला सांगितलेलं न्हाय, पोरीला न्हाय, देवाला बी न्हाय — देवाला म्हायती असंल तर त्यानं विषय काढला न्हाय आन् मी बी काढला न्हाय. मंग तुमालाच का? तुमी मला वळखत न्हाय म्हणून. वळखत असता तर एवाना मी तुमाला च्या पाजून, भलतंच काय तरी सांगून, हसवून घरी लावलं असतं.

मला ते जमतं. तेच तर दुखणं हाय.

आदी मी कोण ते सांगतो. सिद्राम माइकवाला. शाळा चौथीपतुर. चौथीत गुरुजींनी विचारलं, सिद्राम, मोठा होऊन काय होणार? मी म्हणलं, गुरुजी, आदी पाचवीत जातो का बगू. गेलो न्हाय. मामाच्या मंडपात खुर्च्या वाहिल्या, मंग कर्णे बांधायला शिकलो, मंग सोताचं मशीन घेतलं. लगीन, जयंती, उरूस, निवडणूक, सत्यनारायण — जितं माणसाला वरडायचं असतं तितं मी असतो. आन् दर हिवाळ्यात वक्तृत्व स्पर्धा. कुटल्या ना कुटल्या संस्थेची असतीच. पोरं येत्यात, सात-सात मिंटं बोलत्यात, एकाला शिल्ड मिळती आन् बाकीच्यांना वडापाव.

आता माइकवाल्याचं काम तुमाला सोपं वाटत असंल. माइक लावला, बटण पिळलं, झालं. तसं न्हाय. बोलणारा वरडला की आवाज फाटतो. बारीक झाला की मागच्याला ऐकू येत न्हाय. म्हणून एक हात कायम बटणावर पायजे. आन् हात आदी हलला पायजे — पोरगं वरडल्यावर हलवून काय उपेग? मंग आदी कसं कळणार, कदी वरडणार ते?

कळतं. कारण सगळी एकाच जागी वरडत्यात.

पयल्यांदा शेर. शेर झाला की व्यासपीठ, परीक्षक, गुरुजन, आन् माज्या बंधुभगिनींनो. मंग इतिहास — तलवार निघणार, बटण खाली. मंग सीमेवरचा जवान. मंग आई. आईपाशी आवाज बारीक होतो, बटण वर. विषय कुटला का असंना, प्लास्टिकबंदी असू दे न्हायतर लोकशाही, आई येणारच. शेवटाला घंटी वाजती, मूठ आवळली जाती, बटण खाली, टाळ्या. मी हे डोळं झाकून करायचो. खरंच झाकून. एकदा घोरलो बी, संयोजकाला वाटलं मशीन बिघडलं, म्हणला, सिद्राम, ती घरघर बंद कर. मी जागा झालो, बंद झाली.

आन् पोरगं मदीच गप झालं तर? तर ते विसरलं. तवा बटण हळूच खाली घ्यायचं, म्हंजे त्याचं मुसमुसणं हॉलभर जाऊ नये. हे मला कुणी शिकवलं न्हाय, माजं मीच काढलं. ह्या माणुसकीचा मला लई गर्व हुता.

हुता. बगा, आलो मी त्याच्याजवळ, आन् परत लांब चाललो. सांगतो. थांबा जरा.

माजी पोरगी रूपाली. ती बोलायला चांगली, आवाज घंटीसारका, पण तीन वर्सं तिला दुसराच नंबर. दुसरा नंबर म्हंजे काय असतं म्हायती हाय का? फोटोत कडंला उबं ऱ्हायचं. ती घरी येऊन काय बोलायची न्हाय, सर्टिफिकेट गादीखाली सरकवायची. बारावीच्या वर्साला एका संस्थेची मोठी स्पर्धा लागली, पयल्या नंबरवाल्याला फुडं पुण्याला धाडणार हुते. विषय — मोबाईल, शाप की वरदान. मी म्हणलं, ह्या येळी भाषण मी करून देतो.

ती म्हणली, "बाबा, तुमाला नीट सही येत न्हाय."

मी म्हणलं, "सही कुटं करायचीय? बोलायचंय."

आन् केलं. मी कदी कुटलं भाषण लिहून घेतलेलं न्हाय, पण टाळ्या कुटं पडल्या ते मला सगळं ध्येनात ऱ्हातं. एका पोराचा शेर घेतला, एका पोरीचा जवान घेतला, बार्शीच्या एका मास्तराची आई घेतली. गोधडी शिवावी तसं शिवलं. मी बोलायचो, रूपाली लिहायची. सगळं लिहून झाल्यावर तिनं वही वाचली आन् म्हणली, "बाबा, ह्यात मोबाईल कुटं हाय?"

मी म्हणलं, "येतो की शेवटाला. जवानाला आईचा फोन येतो."

"बस, एवडाच?"

"एवड्यातच हॉल रडतो. तुज्या आईला म्हणून दाखव."

दाखवलं. बायको भाकरी थापत हुती, पिठाच्या हातानं डोळं पुसलं. रूपाली माज्याकडं बगून हसली. तीन वर्सांत पयल्यांदा.

स्पर्धेच्या दिवशी मी सकाळीच हॉलवर गेलो. स्टेजच्या कडंला मशीन मांडलं, दोन बॉक्स फुडं, एक मागं दाराशी, मागच्याला येगळं बटण. मागचा बॉक्स बांधत हुतो तवा एक माणूस येऊन उबा ऱ्हायला. खांद्यावर घोंगडं, डोक्याला फेटा, पायातली वाहाण त्यानं हॉलच्या बाहीर काढून ठेवली हुती. एवड्या हॉलमदी अनवाणी तेवडा एकच. बॉक्सवर हात ठेवून म्हणला, "ह्यातनं येतंय न्हवं आवाज?"

"व्हय."

"माजी पोरगी बोलणार हाय. माया."

मेंडरं मंद्रूपच्या शिवारात बसलीवती, भावाच्या ताब्यात देऊन आलावता. मूळचा सांगोल्याकडचा. पोरीचं भाषण कदी ऐकलं न्हाय म्हणला, कारण स्पर्धा हिवाळ्यात असत्यात आन् हिवाळ्यात त्यो कुटल्या तरी रानात असतो. मी म्हणलं, "मामा, खुर्चीवर बसू नका, हितं बॉक्सला चिकटून उबं ऱ्हावा. सगळ्यात भारी हितं ऐकू येतंय."

मीच म्हणलं. मीच उबा केला त्याला तितं.

रूपालीची चिठ्ठी अकराव्या नंबरला निघाली. काय बोलली. माज्या गोधडीचा एक टाका उसवू दिला न्हाय पोरीनं. आईचा फोन आला तवा परीक्षकातल्या बाईनी चष्मा काढला. टाळ्या पडल्या त्या मी मोजायच्या सोडून दिल्या. रूपालीनं खाली उतरताना माज्याकडं बगितलं, मी मान हलवली — झालं, पयला नंबर आणला.

बाराव्या नंबरला माया.

बारीक पोरगी. दोन येण्या, तेल चोपडलेल्या. माइकपाशी आली, माइक खाली केला, आन् शेर न्हाय, व्यासपीठ न्हाय, बंधू न्हाय न् भगिनी न्हाय. सरळ म्हणली —

"माझ्या बाचा फोन आला की आमच्या घरात कुणी बोलत न्हाय."

माजा हात बटणावर. हाताला कळंना काय करावं. वर घेऊ का खाली? आता तलवार येणार का आई?

ती बोलत ऱ्हायली. भाषण न्हवतंच ते, शेजारणीला सांगावं तसं. बा आठ महिने मेंढरामागं असतो. त्याला फोनवर काय बोलावं ते सुचत न्हाय. 'जेवला का' म्हणून झालं की त्याचं बोलणं संपतं. मंग तो फोन मेंढरात धरतो. हिकडं आई स्पीकर लावती, आमी फोनभवती बसतो आन् ऐकतो. गळ्यातल्या घंटा हळू वाजत असल्या की आई म्हणती, पोटं भरल्यात. कुत्रं लांबनं भुकलं की म्हणती, मोकळ्या रानात हायत. वारं लागत असलं की म्हणती, घोंगडं पांघरलं असंल का न्हाय कुणास ठाऊक. अर्धा अर्धा तास कुणी बोलत न्हाय, आन् सगळं कळतं.

हॉल गप व्हायला लागला. रडण्यासाठी गप होतो तसा न्हाय. तसला गपपणा मला वळखता येतो, त्यात नाकं वाजत्यात. ह्यात काय वाजत न्हवतं. वडापावच्या टेबलावरचा माणूस हातातला कागद तसाच धरून उबा. परीक्षकातल्या बाईनी पेन खाली ठेवला. मी वीस वर्सं हे बगतोय — परीक्षक पेन कदी खाली ठेवतो? रूपालीच्या येळेला तिनं चष्मा काढला हुता, पण पेन हातातच हुता.

तवाच मला कळलं. आमी दुसरं.

आन् माया म्हणली, "ऐका." आन् गप झाली.

आता इतनं फुडं माजी जीभ अडकती.

मी सोताला इतकी वर्सं काय सांगत आलोय ते आदी सांगतो. मी सांगत आलो की मी काय केलं न्हाय. ती बारीक बोलली, मी बटण वर घ्यायला इसरलो, एवडंच. माणूस इसरतो. न्हाय का?

पण तसं झालं न्हाय. मंग मी सोताला दुसरं सांगितलं. की ती गप झाली, मला वाटलं इसरली, आन् मी सवयीनं बटण खाली घेतलं. तिची फजिती हॉलभर जाऊ नये म्हणून. माणुसकी. ही गोष्ट लई चांगली बसली हुती. तिच्यावर मी कैक वर्सं काढली. एखाद्या वकिलाला सांगितली असती तरी त्यानं सोडवलं असतं मला.

पण विसरलेलं पोरगं कुटं बगतं? वर, पत्र्याकडं. तितं भाषण लिहिल्यासारकं. शेकड्यानं बगितल्यात मी. माया वर बगत न्हवती. ती सरळ मागं बगत हुती, दाराकडं. घोंगड्याकडं. ती विसरली न्हवती. ती हॉलला तेच ऐकवत हुती जे त्यांच्या घरात ऐकतात — कुणी बोलत न्हाय ते. मला ते कळलं हुतं. चौथी नापास माणसाला कळलं हुतं, मंग परीक्षकाला कळलं नसतं व्हय?

आन् मी बटण खाली घेतलं. हळू. कुई होऊ न देता. फुडच्या बॉक्सचं थोडंच ठेवलं, मागच्याचं सगळं घेतलं.

झालं. सांगितलं. हे बोटानं केलं. दोन बोटं, फार जोर बी लागत न्हाय.

मंग ती परत बोलली, अगदी बारीक, आन् ते फकस्त मला ऐकू आलं, कारण मी स्टेजच्या कडंला, तिच्यापासनं चार हातावर. तिनं जिबेनं टाळूला लावून एक आवाज काढला, कोकराला जवळ बोलवायचा असतो तसला. आन् म्हणली, "फोन ठेवायच्या आदी बा असा आवाज काढतो. मेंढरं तर त्याच्याजवळच असत्यात. मला वाटतं, तो आमाला असतो."

हे वाक्य. ह्या वाक्याला पोचायचं म्हणून ती सगळं बोलत आली हुती. आन् मागनं पोरं वरडली, "आवाज! आवाज!" तिनं माइकवर बोट वाजवून बगितलं. मी मशीनमदी तोंड घालून वायरी चाचपल्या, लई कामात असल्यासारका. ती माज्याकडं बगत हुती. मी वर बगितलं न्हाय. घंटी वाजली. तिनं राहिलेलं दोन वाक्यात उरकलं, नमस्कार बी न करता खाली उतरली.

आन् मागं दाराशी तिचा बा बॉक्सला कान लावून उबा. कान लावून. मी सांगितलेल्या जागी.

तुमाला वाटत असंल, एवडंच हाय. मला बी वाटायचं, एवडंच हाय. कबूल करायला बसलो तवा बी वाटलं, एवडं सांगितलं की मोकळा. पण ह्याच्या फुडचं मी कदी धरलंच न्हवतं हिशोबात. ते तर मी चेष्टेत केलं हुतं.

मी मागचा बॉक्स बगायला म्हणून गेलो. मोकळ्या हातानं जायला बरं दिसत न्हाय म्हणून वायर हलवली. त्यो म्हणला, "झालं व्हय पोरीचं?"

"झालं की."

"शेवटाला काय म्हणली? आवाजच गेला हुता."

मला सगळं पाठ हुतं. मी सांगू शकलो असतो. चार वाक्यं हुती — तुमी फोन ठेवताना जो आवाज काढता, तो कुणासाठी असतो ते पोरीला कळतंय, एवडं सांगायचं हुतं. हॉलमदी ते सांगू शकणारा मी एकटा. आन् मी काय केलं? मला तेवड्यात हसवायचं सुचलं. घाबरलो की मला तेच सुचतं. म्हणलं, "मोबाईल लई वाईट म्हणली मामा. घरच्यांना उगं सारकं फोन लावून तरास देऊ नका म्हणली."

आन् हसलो. मला वाटलं, त्यो बी हसंल आन् खरं काय ते पोरीला विचारंल.

त्यो हसला न्हाय. खिशातला फोन काढला, बटणाचा, रबर लावलेला. त्याच्याकडं बगितलं, परत ठेवला. म्हणला, "बरोबर असंल. शिकल्याली हाय."

वाहाण घालून गेला. मेंडरं भावावर टाकून आलावता, त्याला बस गाठायची हुती. माया तवा बाथरूममदी तोंड धूत हुती.

रूपालीला शिल्ड मिळाली. परीक्षकातल्या बाई भाषणात म्हणल्या, एका मुलीची सुरवात फार येगळी हुती, पण दुर्दैवानं तिला शेवटपतुर पकड ठेवता आली न्हाय. दुर्दैवानं. मी मशीनपाशी बसून टाळ्या वाजवल्या. पुण्यात रूपालीचा कुटला नंबर आला न्हाय, तितं सगळ्यांकडंच जवान हुता. पण त्या शिल्डवर तिचं नाव झालं. आता विजापूर रोडला तिचा भाषणाचा क्लास हाय, शिल्ड कपाटात काचंआड हाय, आन् फळ्यावर माजी सगळी गोधडी हाय — शेर, इतिहास, जवान, आई, मूठ.

आन् हसू नका, पण हे बी सांगतो. ते गप ऱ्हाणं बी मी चोरलं. दोन-तीन वर्सांनी रूपालीला म्हणलं, मदी एकदा पोरांना गप उबं ऱ्हायला लाव, परीक्षक पेन खाली ठेवतो. तिनं लावलं. पोरं मनात पाच आकडे म्हणत्यात आन् मंग फुडं बोलत्यात. दुसऱ्या क्लासवाल्यांनी बी उचललं. आता सोलापुरात कुटल्या बी स्पर्धेला जावा, चौथ्या मिंटाला पोरं ओळीनं गप होत्यात. कुणी काय ऐकवत नसतं. नुसतं गप. आन् माजा हात आदीच बटणावर जातो.

माया परत कुटल्या स्पर्धेत दिसली न्हाय. मी शोधली बी न्हाय. का शोधीन?

गेल्या हिवाळ्यात सांगोल्याकडं मेंडरांना लस टोचायचं शिबिर हुतं, मला माइक लावायला बोलावलं. धनगर लोकं, रान, मेंडरं, धुरळा. सरकारी गाडीतनं डॉक्टर मॅडम उतरली. माइकपाशी आली, माइक खाली केला आन् नमस्कार-चमत्कार काय न करता म्हणली, "रात्री जी मेंढी खोकती, ती पयली हिकडं आणा."

त्या सुरवातीवरनंच वळखली मी. बटण एवडं वर घेतलं की पलीकडच्या वस्तीवरची माणसं बगायला आली.

मला काय वाटलं असंल सांगा. मला आनंद झाला. डॉक्टर झाली की पोरगी. माज्या दोन बोटांनी तिचं काय वाटुळं झालं न्हाय. एवडी वर्सं उगं जीव खाल्ला. मी मनातल्या मनात सोताला सोडून दिलं, आन् मोठ्या मनाचा माणूस असल्यासारका, शिबिर संपल्यावर वायर गुंडाळत गुंडाळत, तिला सांगून टाकलं. माइकवाला मी, तवाचा मी, बटण मी खाली घेतलं. हसत हसतच सांगितलं. माज्या पोरीला शिल्ड पायजे हुती, तुमी मदी कडमडला.

ती हसली बी. म्हणली, "शिल्डचं काय करायचं हुतं काका मला? आमच्या घरात शिल्ड ठेवायला कपाट तरी कुटं हुतं."

मला एवडं हलकं वाटलं.

मंग ती घोंगड्यावर बसून पाणी पीत पीत, माज्याशी न्हाय, अशीच बोलल्यासारकी म्हणली, "मला एकच लागून ऱ्हायलं. त्या वर्सापासनं बाचा फोन यायचा बंद झाला. आमी लावला की उचलायचा, जेवलो म्हणायचा, ठेवायचा. सोताहून कदी लावला न्हाय. मेंढरात धरला न्हाय. आई म्हणायची, रेंज नसंल. मला वाटायचं, मी त्याच्यावर चारचौघांत बोलले ते त्याला आवडलं न्हाय. लाज वाटली असंल त्याला माजी. मी विचारलं न्हाय. त्येनं सांगितलं न्हाय. तीन वर्सं झाली त्याला जाऊन."

वायर माज्या हातात. किती येळ मी ती एकाच कोपरावर गुंडाळत हुतो, म्हायती न्हाय.

मी गप ऱ्हायलो असतो तर तिला कदी कळलं नसतं. इतका चांगला गप ऱ्हातो मी. पण तिला वाटतंय की तिच्या बाला तिची लाज वाटली. असं वाटत ती म्हातारी झाली असती. म्हणून सांगितलं. का म्हणून-बिणून काय न्हाय, सांगितलं. त्यानं विचारलं शेवटाला काय म्हणली, आन् मी हे म्हणलो. त्यो हसला न्हाय. शिकल्याली हाय म्हणला. आन् त्याला शेवटचं वाक्य ऐकू आलं न्हाय, कारण त्याचा बॉक्स मीच बंद केला हुता, आन् त्याला त्या बॉक्सपाशी मीच उबा केला हुता.

समोर मेंडरं टोचून घेऊन परत चाललीवती, घंटा वाजत हुत्या. ती तिकडं बगत हुती. रडत बी न्हवती. नुसती गप. मला ती शांतता सहन होईना. बटण असतं हाताखाली तर मी पिळलं असतं काय तरी. मंग मी — काय सांगू तुमाला — मी बाही वर केली आन् म्हणलं, "मॅडम, एक सुई मला बी टोचा की. दंडाला नगो, जिबंला."

तिनं माज्याकडं बगितलं. ग्लास खाली ठेवला.

"काका," ती म्हणली, "एवडं एक तरी इनोद न करता सांगायचं हुतं."